ठकूचा डावा डोळा

गुडगाव,
९ मार्च १९९६

ती. मामा,
साष्टांग नमस्कार.

पत्र बघून तुम्ही म्हणाल, काम पडलं की बरी मामाची आठवण होते. खरंच काम पडलंय. आमच्याकडे फोन अजून आलेला नाही, आणि बूथवरून केला तर तुम्हाला ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी दहा मिनिटं ओरडले आणि तुम्ही शेवटी "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलात. म्हणून पत्र.

मला एक पेशंट मिळालाय. तीन वर्षांत पहिला. परळच्या पशुवैद्यक कॉलेजची माझी पदवी ट्रंकेत शालूच्या खाली पडून होती. सुधन्वाची नोकरी परदेशी कंपनीतली, सकाळी गाडी येते आणि नेते. मी आणि सासूबाई दिवसभर गॅलरीतून मोहरीच्या शेतात उभ्या राहणाऱ्या इमारती बघत बसतो. त्यातल्याच एका वसाहतीत आम्ही फ्लॅट घेतलाय. अजून खड्डाच आहे, पण रंगीत माहितीपत्रकात तलाव आहे, क्लब आहे आणि घोडेस्वारी आहे. त्या घोडेस्वारीसाठी बिल्डरने तीन घोडी आणून पत्र्याच्या शेडमध्ये बांधली आहेत. दोन शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे आणि एक पांढरी घोडी, जी आधी दिल्लीत वरातीला जायची. कागदोपत्री तिचं नाव प्रिन्सेस. सासूबाई तिला ठकू म्हणतात.

धुळवडीच्या दिवशी सेल्स ऑफिसातल्या लोकांना पांढरी घोडी दिसली आणि हातात पक्के रंग होते. दुसऱ्या दिवशी तिचा डावा डोळा मिटलेला, पाण्याची धार, पापणीला हात लावू देईना. ऑफिसचे मॅनेजर राजीव सचदेव म्हणाले, "मैडम, आप तो गाय-भैंस की डॉक्टर हैं ना? देख लीजिए." मी बघितलं. सासूबाईंचं गेल्या महिन्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांच्या डॉक्टरांकडून डोळ्यातली जखम रंगवून दाखवणाऱ्या पट्ट्या मागून आणल्या होत्या. पट्टी लावली तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर मसुराएवढी जखम हिरवीगार दिसली.

जेंटामायसिनचे थेंब सुरू केलेत, कळ कमी व्हायला अॅट्रोपीन. पण टाकणार कोण? विष्णू नावाचा एकच माणूस तिन्ही घोडी बघतो आणि वर बागेला पाणीही घालतो. विचारलं की म्हणतो, "डाल दिया मैडम." बाटली मात्र जशीच्या तशी भरलेली. मी गेले की ठकू मान अशी झटकते की मी भिंतीवर.

डोळा गेला तर तिचं काय होईल ते सचदेवांनी आधीच सांगून टाकलंय. झज्जरकडे वीटभट्ट्या आहेत, तिथे कसलंही जनावर चालतं. मामा, मला हा डोळा वाचवायचाच आहे. घोडीसाठी तर आहेच, पण खोटं कशाला बोलू, माझ्यासाठीही.

तुमची
केतकी


मिरज,
१६ मार्च १९९६

चि. केतकी,
आशीर्वाद.

राँग नंबर नव्हता, तू रडत होतीस म्हणून ठेवला. मला फोनवर रडणं ऐकू येतं, बाकी काही येत नाही.

औषध बरोबर आहे. पण औषध कोणतं हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न डोळ्यात जातं का. माणूस थेंब टाकला की मान वर करून बसतो. घोडं मान खाली घालतं आणि तुझं जेंटामायसिन गालावरून जमिनीत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, त्यातली गत. मी पशुवैद्य म्हणून नोकरीत होतो तेव्हा एक शहाणा अधिकारी महिनाभर घोड्याच्या गालावर उपचार करत होता.

तेव्हा आधी घोडी ज्याच्यापुढे उभी राहील असं माणूस शोध. मग थेंब. दोन-दोन तासांनी, दिवसभर. आज टाकले, उद्या सुट्टी, असं केलंस तर जंतू औषधाला सरावतात आणि मग ते औषध पाण्यासारखं. डोळ्यावर जाळीचं फडकं बांध, बांधकामाची धूळ नको. चार-पाच दिवसांनी पुन्हा हिरवी पट्टी लावून जखम मोज. डोळा कसा दिसतो यावर जाऊ नकोस, पट्टी काय म्हणते ते बघ. डोळा दिसायला वाईट असतो आणि आतून भरत असतो. उलटही असतं.

आणि एक, जे तुला माहीत आहे पण मी म्हातारा आहे म्हणून सांगणार. सूज उतरवणारं स्टिरॉइड ज्या बाटलीत आहे ती बाटली त्या शेडच्या वाऱ्यालाही उभी राहू देऊ नकोस. जखम उघडी असताना ते पडलं की डोळा लोण्यासारखा विरघळतो.

घाई करू नकोस. घाई तुझ्या आईकडून आली आहे.

बळवंतमामा


गुडगाव,
२५ मार्च १९९६

ती. मामा,

माणूस मिळालं! सासूबाई!

पाडव्याला गॅलरीत गुढी उभारली. खालच्या चौकीदाराने वर येऊन विचारलं, "माताजी, ये लोटा उल्टा क्यों टांगा है?" त्याला समजावता समजावता त्यांनी गुढीची साखरेची गाठी काढली, दिल्लीहून कोणीतरी मुद्दाम आणून दिली होती, आणि म्हणाल्या, "चल, ठकूलाही पाडवा आहे." गाठीचा एक तुकडा तळहातावर ठेवून त्या तिच्यापुढे उभ्या राहिल्या. जिने मला भिंतीवर ढकललं तिने त्यांच्या खांद्यावर मान टाकली. मी पटकन पापणी उघडून थेंब टाकला, ती हललीसुद्धा नाही.

आता बाटली सासूबाईंच्या पिशवीत असते. डोक्यावरून पदर, डोळ्याला ऑपरेशनचा काळा चष्मा, हातात कापडी पिशवी, अशा त्या उन्हातान्हात शेडमध्ये जातात. मी सकाळ-संध्याकाळ जाते, मधले सगळे थेंब त्यांचे. स्वतःच्या डोळ्यात थेंब घालून घ्यायला मात्र अजून मला हाक मारतात.

जखम थोडी लहान झाली आहे. पट्टी लावून बघितली, मसुराची आता मोहरी म्हणा. पण डोळा लाल आहे, अर्धा मिटलेला आहे, आणि इथे कोणालाही फक्त तेवढंच दिसतं. मी सचदेवांना सांगते, आतून भरतंय, अजून दोन आठवडे द्या. ते म्हणतात, "मैडम, बैसाखी को लॉन्च है. वीडियोवाले आएँगे. घोड़ी ऐसे आँख मारेगी क्या सबको?" मग सगळे हसतात. मग विचारतात, "आपके सर क्या करते हैं?" जणू सुधन्वा काय करतो त्यावर घोडीचा डोळा बरा होणार आहे. कोणीतरी दिल्लीचा मोठा डॉक्टर बोलवायचं चाललंय. कोणत्याही नव्या औषधाने माझं औषध बदललं की आत्तापर्यंतचं सगळं पाण्यात.

सुधन्वाला सांगितलं तर म्हणाला, "इतकं टेन्शन का घेतेस यार, जॉब थोडीच आहे." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

चिडचिड तुमच्याकडे काढतेय. दुसरं कोण आहे.

केतकी


गुडगाव,
२ एप्रिल १९९६

ती. मामा,

घाईत लिहितेय, पण आजच लिहायचंय. डोळा उघडला!

गेल्या तीन-चार दिवसांत लाली पार गेली. पाणी थांबलं. ठकू डोळा टक्क उघडून बघते. सचदेवांनी लाडवांचा डबा पाठवला आणि स्वतः येऊन म्हणाले, "मान गए डॉक्टर साहब." मामा, "डॉक्टर साहब"! क्लबच्या पाटीवर पशुवैद्य म्हणून माझं नाव लिहायचं ठरलंय. दिल्लीवाला डॉक्टर रद्द. रात्री जेवताना सुधन्वाने स्वतःहून विचारलं, नक्की कोणतं औषध होतं ते.

सासूबाई तर माझ्याकडे बघून नुसत्या हसत होत्या. मी त्यांना म्हटलं, अर्धं श्रेय तुमचं. त्या म्हणाल्या, "छे गं, मी काय, थेंबच तर टाकले. विद्या तुझी."

पट्ट्या संपल्यात, पण आता गरज वाटत नाही, डोळा बघूनच कळतंय. थेंब आणखी आठवडाभर चालू ठेवेन म्हणते.

तुमचा गुरुमंत्र लागू पडला.

केतकी


मिरज,
८ एप्रिल १९९६

केतकी,

तुझं पत्र आत्ता मिळालं. वाचून आधी तार केली: सगळे थेंब थांबव, डोळा तपास. ही चिठ्ठी तिच्यामागून.

गेल्या पत्रात मोहरीएवढी जखम आणि लाल डोळा. या पत्रात तीन दिवसांत लाली गायब. जेंटामायसिन असं वागत नाही. ते जंतू मारतं, रंगरंगोटी करत नाही. घोड्याच्या डोळ्याची लाली तीन दिवसांत एकच गोष्ट उतरवते, आणि ती कोणती ते मी तुला सोळा तारखेला लिहिलं होतं.

त्या डोळ्यात आणखी कोणीतरी काहीतरी घालतंय. विष्णूला विचार, मॅनेजरला विचार, घरात विचार. आणि पट्टी लाव! गरज वाटत नाही म्हणजे काय? पट्ट्या संपल्या तर भीक मागून आण. बघून कळतं म्हणे. बघून कळत असतं तर मला चाळीस वर्षं लागली नसती.

जखम खोल गेली असेल तर तिचंच रक्त काढ, गोठू दे, वर सुटणारं पाणी घे, ते पाणी तासातासाला डोळ्यात टाक. विरघळणं थांबवायला दुसरं काही जवळ नसताना मी ते केलेलं आहे.

रागावलो नाही. घाबरलो आहे.

मामा


गुडगाव,
१५ एप्रिल १९९६

ती. मामा,

तुमची तार बैसाखीच्या संध्याकाळी मिळाली. जुन्या गुडगावात तीन दिवस फिरली, कारण आमचा रस्ता अजून टपालखात्याच्या लेखी नाही. पत्र काल आलं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. आणि इथे तर घोड्याचा डोळाच गेला.

अकरा तारखेला सकाळी गेले तर डोळ्यावर निळसर साय. दुपारपर्यंत ती साय लिबलिबीत झाली आणि मधोमध एक काळा ठिपका बाहेर आला. पडदा फुटला होता, आतला भाग बाहेर येत होता. ठकू भिंतीला डोकं टेकून उभी होती. दिल्लीवाल्या डॉक्टरांना बोलवलंच. त्यांनी बघितलं आणि मला इंग्रजीत विचारलं, या जखमेवर स्टिरॉइड कोणी दिलं. सचदेव शेजारी उभे. मी म्हटलं, कोणीही नाही. डॉक्टरांनी फक्त माझ्याकडे एकदा बघितलं.

त्यांना माझी बाटली दाखवावी म्हणून मी सासूबाईंच्या पिशवीत हात घातला. दोन बाटल्या निघाल्या. माझी, संपत आलेली असायला हवी ती अर्धीअधिक भरलेली. आणि दुसरी त्यांच्या ऑपरेशननंतरची, रिकामी. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र. त्यांच्या डोळ्यासाठी अगदी योग्य औषध. त्यांची लाली एका रात्रीत उतरली होती ना. उरलेलं औषध टाकून कसं द्यायचं? आमच्या घरात अंगाऱ्याची पुडीसुद्धा टाकत नाहीत.

मामा, त्यांनी ते प्रेमाने केलं. मला ठाऊक आहे. आणि तरी मला त्या क्षणी इतकं ओरडायचं होतं की मी शेडच्या मागे जाऊन पत्र्यावर लाथ मारली. पाय सुजलाय.

स्वतःवरही चिडलेय. पट्टी लावली असती तर दोन तारखेलाच कळलं असतं. पण सगळे मला डॉक्टर साहब म्हणत होते.

लॉन्च झालं. वरातीच्या दिवसांतला मण्यांच्या झालरीचा सेहरा तिच्या सामानात होता, तो सचदेवांनी तिच्या कपाळावर बांधायला लावला, डाव्या बाजूला लांब सोडून. व्हिडिओत डोळा दिसला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालरीचे मणी त्या फुटलेल्या डोळ्यावर आपटत होते आणि मी तंबूत खुर्चीवर बसून होते, कारण सुधन्वाचे साहेब आले होते.

ती रिकामी बाटली मी गुपचूप काढून बांधकामाच्या ढिगात फेकली. सासूबाईंना काही सांगितलं नाही. सुधन्वा म्हणतो, "आईला सांगू नको, बीपी वाढेल. जाने दे." त्या मला दोनदा विचारून गेल्या, डोळा अचानक कसा बिघडला? मी म्हटलं, धूळ.

सांगू का?

केतकी


मिरज,
२३ एप्रिल १९९६

चि. केतकी,

पाय शेक. मीठ घालून.

डोळा आता राहणार नाही. ठेवलास तर पू आत जाईल आणि घोडी जाईल. काढावा लागेल. भूल देणारं माणूस हाताशी असल्याशिवाय हात लावू नकोस. त्या दिल्लीवाल्याला विनंती कर. तो तुझ्याकडे एकदाच बघून गप्प बसला, म्हणजे माणूस बरा आहे.

आता सांगायचं म्हणतेस ते. सांग. तुझी सासू काचेची नाही. तू सांगितलं नाहीस तर तिच्यावरचा राग भाजीत मीठ जास्त पडलं तरी निघेल, आणि तिला कळणार नाही का निघतोय. मी तुझ्या मामीला एक गोष्ट सांगायची टाळली होती, ती टाळण्यात आमची बरीच वर्षं गेली. गोष्ट काय होती तेही आता आठवत नाही.

शिवाय तू एकटीने चूक केलीस किंवा तिने एकटीने केली असं नाही. तिने थेंब टाकले, तू पट्टी लावली नाहीस, आणि मी इथे दोन हजार किलोमीटरवर बसून शहाणपण पोस्ट करत होतो. पोस्टाने डोळे बरे होत नाहीत, हे मला आधीच कळायला हवं होतं. गाडीत बसून यायला हवं होतं. गुडघ्याचं निमित्त केलं.

मामा


गुडगाव,
१२ मे १९९६

ती. मामा,

डोळा काढला. दिल्लीचे डॉक्टर आले, फी नको म्हणाले. मी हाताशी होते. टाके मी घातले, त्यांनी मुद्दाम घालू दिले. जखम स्वच्छ भरतेय. या वेळी रोज बघते आणि रोज हाताने चाचपते. पण आता बघून काय करायचंय.

ठकू डावीकडून कोणी आलं की दचकते. विष्णूच्या पायावर पाय पडला. परवा एका मुलाला पाठीवर बसवलं, डावीकडून ट्रक गेला, ती उधळली. मूल पडलं नाही, पण आई किंचाळली ती सगळ्या साइटवर ऐकू आली. सचदेवांनी त्याच दिवशी झज्जरच्या व्यापाऱ्याला बोलावणं धाडलं. पुढच्या सोमवारी नेतील. मी म्हटलं, ती एका डोळ्याने शिकेल, वेळ द्या. ते म्हणाले, "मैडम, आपने पहले भी टाइम माँगा था."

पाटीवरचं माझं नाव पुसलं. रंग नीट गेला नाही, अर्धं अजून वाचता येतं.

सासूबाईंना मी अजून सांगितलं नाही. तुम्ही सांग म्हणालात, मी रोज ठरवते आणि रोज चहाचे कप उचलून आत जाते. त्या शेडकडे जायच्या थांबल्यात. उन्हाचं कारण देतात. माझ्याशी गोड बोलतात आणि मला त्या गोड बोलण्याचाच राग येतो. काल भाजीत खरंच मीठ जास्त पडलं, आणि मी खरंच ओरडले. तुम्ही लिहिलं होतं तसंच. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले, तर नळाला पाणी नाही.

सगळ्यांना सगळं चांगलंच करायचं होतं मामा. आणि भट्टीवर जाणार ती.

केतकी


गुडगाव,
२७ मे १९९६

श्री. बळवंतराव यांना
शालिनीचा नमस्कार.

आपली ओळख लग्नातली. तुम्ही पंगतीत जिलबी कडक आहे म्हणाला होतात, ते मी ऐकलं होतं. कडक होतीच.

सूनबाई तुम्हाला लिहिते हे मला माहीत आहे. तिची पत्रं मी वाचली नाहीत. वाचायची गरज नव्हती. माझ्या पिशवीतून एक बाटली नाहीशी झाली आणि घरात कोणी अक्षर काढलं नाही. बळवंतराव, आमच्याकडे चमचा हरवला तरी तीन दिवस चर्चा होते. मग मी तशीच बाटली माझ्या डॉक्टरांना दाखवून विचारलं, हे घोड्याच्या जखमेवर घातलं तर? त्यांनी सांगितलं. घरी येऊन मी दोन दिवस पडून होते. मुलाने बीपी मोजलं. बिल्कुल नॉर्मल.

मी हे का केलं ते तुम्हाला सांगते, कारण तिला सांगताना माझा आवाज राहणार नाही. ती रोज त्या शेडमधून तोंड पाडून यायची. ते लोक हसायचे तिला. माझ्या औषधाने माझा डोळा एका रात्रीत स्वच्छ झाला होता. मला वाटलं, चार थेंब घालावेत. आणि डोळा उघडला तेव्हा तिचा चेहरा असा काही फुलला, तीन वर्षांत मी तो पाहिला नव्हता. मग मी कशाला सांगू की तुझ्या औषधाने नाही, माझ्या औषधाने? तिचं यश तिच्याकडेच राहू दे म्हटलं. अच्छा किया समजून गप्प बसले. तिथेच चुकले.

सोमवारी ठकूला नेणार होते. रविवारी साइटवर गिऱ्हाइकं येतात. मी सकाळीच गेले, विष्णूकडून तिचा दोर घेतला आणि तिला सेल्स ऑफिसच्या दारात उभी केली. स्वतः आत त्या वसाहतीच्या छोट्या नमुन्याशेजारी खुर्ची ओढून बसले. जे कुटुंब आत येईल त्याला मी हिंदीत सांगितलं. तीस वर्षं दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये काढलीत, हिंदी माझी वाईट नाही. म्हटलं, या घोडीचा डोळा माझ्या हाताने गेला. माझ्या डोळ्याचं औषध मी तिच्या डोळ्यात घातलं, माझी सून डॉक्टर आहे, तिला न विचारता. तिची काही चूक नाही. आता हे लोक घोडीला भट्टीवर पाठवतायत. मी स्वतः दोन वर्षं एका डोळ्याने काढली. तुम्ही इथे घर घ्याल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं काय करतात तेही विचारून घ्या.

राजीव सचदेव हात जोडून आले. "माताजी, अंदर बैठिए, ठंडा लीजिए." मी ठंडा घेतलं आणि पुन्हा तिथेच बसले.

केतकी दारात उभी होती. केव्हा आली मला कळलं नाही. सगळं ऐकलं तिने. मला वाटलं आता बोलेल. ती आत आली, दुसरी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसली. पुढच्या गिऱ्हाइकाला तीच सांगायला लागली. म्हणाली, "मैंने भी जाँच नहीं की थी." दुपारपर्यंत आम्ही दोघींनी मिळून किती लोकांना सांगितलं कोण जाणे. सुधन्वा शोधत आला, दारात थबकला, घोडीचा दोर हातात धरून बाहेरच उभा राहिला. त्याला तेवढंच जमलं, पण ते जमलं.

संध्याकाळी व्यापाऱ्याला निरोप गेला, येऊ नका. नवीन माहितीपत्रक छापलंय. त्यात ठकूची उजवी बाजू आहे.

आता रोज सकाळी ऊन चढायच्या आत केतकी तिच्यावर एखादं मूल बसवते आणि दोर धरून पुढे चालते. मी डावीकडून चालते, तिच्या मानेवर हात ठेवून. तोंडाने काहीतरी बोलत राहावं लागतं, म्हणजे तिला कळतं की त्या बाजूला कोणी आहे. काय बोलायचं सुचलं नाही की मी भाज्यांचे भाव सांगते. कधी केतकीला जे बोलायचं असतं तेही ठकूलाच सांगते. पुढे चालणारीला ऐकू जातं. ती मागे वळून बघत नाही, पण पाऊल हळू करते.

गुडघे बरे असतील तेव्हा या. जिलबी मऊ करीन.

शालिनी